अंतरपाटाची जीप

विलासकाका स्टुलावर चढले होते. कार्यालयाचं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी पालथं करून छातीशी धरलं होतं. मुलीचा बाप लग्नाच्या सकाळी स्टुलावर असला की खाली कुणीतरी स्टूल धरावं लागतं, म्हणून मी धरलं होतं.

"बंद होतं," ते वरून म्हणाले. "यांना भाडं घ्यायला कळतं. सेल घालायला कळत नाही."

"नवीन आणलात?"

"घड्याळाला नवीन कशाला गं? टॉर्चमध्ये दमला की रिमोटला, रिमोटमध्ये दमला की घड्याळाला. घड्याळ मरत्या सेलवरसुद्धा वर्ष काढतं." त्यांनी खिशातून एक सेल काढून आत सरकवला, घड्याळ कानाला लावलं, मनगटावरच्या घड्याळाशी काटे जुळवले आणि ते खिळ्याला अडकवलं. "गुरुजींच्या माईकचंही बघून आलो. आता कुणाच्या बापाला नाव ठेवायला जागा नाही."

नावं ठेवणारा तो बाप एरवी तेच असत.

विलासराव खराडे हे माझ्या मावशीचे यजमान. वीज मंडळातून ज्युनिअर इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले होते, पण निवृत्ती फक्त मंडळाला मान्य होती. घरातला कुठलाही विषय ते व्होल्टपर्यंत आणून सोडत. मावशीचं डोकं दुखलं की म्हणायचे, लोड वाढलाय. मी तेव्हा कऱ्हाडच्या एका दैनिकात उपसंपादक होते. रोज संध्याकाळी पान छपाईला सोडायचं, उशीर झाला तर गाडी चुकते, गाडी चुकली तर पाटणला सकाळी पेपर नाही, एवढीच माझी कालगणना. काकांना माझ्या नोकरीतली वेळ पाळणं तेवढं आवडायचं. बातम्या आवडत नसत.

त्यांची एकुलती एक मुलगी शलाका. तिनं लग्नाला पसंत केलेला मुलगा कोल्हापूरचा, रणजित साळोखे. बी.ई. झालेला, दिसायला नीटस, घरचं बरं. त्याच्यात एकच दोष होता. त्याचं राजारामपुरीत रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांचं दुकान होतं. विकायचा, दुरुस्त करायचा आणि रविवारी गिऱ्हाइकांच्या शर्यती लावायचा. गिऱ्हाइकं बहुतेक पोटं सुटलेली होती.

साखरपुड्यात जेवणं झाल्यावर काकांनी विषय काढला होता.

"रणजितराव, राग मानू नका. पण लोक विचारतात जावई काय करतात. मी काय सांगू? खेळणी विकतात?"

"खेळणी म्हणा की काका. खोटं कुठं हाय?"

काकांचे धाकटे भाऊ प्रतापकाका शेजारी सुपारी कातरत होते. त्यांचं ओगलेवाडीला ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीचं वर्कशॉप होतं आणि तिथं एक खुर्ची रिकामी होती. ती त्यांनी साखरपुड्याआधीच मनातल्या मनात रणजितच्या खाली सरकवली होती.

"दादा, गाडी म्हणजे काहीतरी वाहून नेते ती," प्रतापकाका म्हणाले. "ह्यांच्या गाड्या स्वतःलाच वाहून नेतात."

रणजित हसला. "काय वाहून न्यायचं बोला."

इथं कुणीतरी विषय बदलायला हवा होता. त्याऐवजी पैज लागली. लग्नात अंतरपाट रणजितच्या गाडीवर येईल. कार्यालयाच्या दारापासून स्टेजपर्यंत, पाहुण्यांच्या मधून, मुहूर्ताच्या आत. दारातून सुटल्यावर गाडीला कुणी हात लावायचा नाही. पोचली, तर काका त्या धंद्याबद्दल जन्मात तोंड उघडणार नाहीत. नाही पोचली, तर दुकानाला कुलूप आणि पहिल्या तारखेपासून जावई ओगलेवाडीला.

शलाका आतून बाहेर आली तोवर हात मिळवून झाले होते.

"मला विचारलं कुणी?" तिनं विचारलं.

"तुझं काय त्यात?" काका म्हणाले.

"मी दुकान बघून हो म्हटलंय, बाबा. ट्रान्सफॉर्मर बघून नाही." मग ती रणजितकडे वळली. "आणि तू. हरलास तर मी ओगलेवाडीला डबा आणून देणार नाही. तिथलं कँटीन बघून ठेव."

लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी रणजितनं गाडी माझ्या ताब्यात दिली. उघड्या पाठीची, वीतभर लांबीची लाल जीप. तिच्या पाठीवर घडी घातलेला अंतरपाट बरोबर बसत होता. रिमोट त्याच्याकडे राहणार होता. मुंडावळ्या बांधून, एका हातात कट्यार आणि दुसऱ्या हातात रिमोट घेऊन तो स्टेजवरून गाडी हाकणार होता. दारात ती सोडायची जबाबदारी माझी.

"ताई, गाडीचं काय नाही, ती चालती," तो म्हणाला. "सगळा खेळ सेलचा. लोक गाडी चांगली घेतात आन् सेल पानपट्टीवरनं आणतात."

"मग हे कुठले?" जीपच्या पोटात चार पांढरे पेन्सिल सेल होते.

"चार्जिंगचे. आठवडाभर तेच बघत बसलोय. साधे घालून बघितले. मोकळी गाडी झकास पळती. पाठीवर अंतरपाट आन् खाली गालिचा आला की मध्येच दम खाती. लिथियमचे असतात, आकार ह्योच, पण ताकद दुपटीच्या वर. मोटर जळंल आन् वर अंतरपाट पेटंल."

"लग्नात होम असतोच."

"तो नंतर असतोय, ताई." त्यानं एक सेल काढून दाखवला. "ह्याच्यावर एक पॉइंट दोन लिहिलंय. साध्यावर दीड असतंय. त्यामुळं माणसाला वाटतं हा कमी. पण ओझं पडलं की साधा खाली बसतोय आन् हा हाय तिथंच ऱ्हातोय. येवढं सांभाळा. बाकी अंबाबाई बघून घेईल."

मी जीप वधूपक्षाच्या खोलीत, रुखवताच्या टेबलाखाली ठेवली. रात्रभर ती तिथंच होती. सकाळीही होती. त्या खोलीत मावशी, तिच्या तीन नणंदा आणि काका यांच्याशिवाय कुणी जात नव्हतं, त्यामुळे मला काळजी वाटली नाही. बातमीदारीत माणूस पहिली गोष्ट शिकतो ती ही, की घरच्या माणसांना आधी विचारावं. मी ते लग्नापुरतं विसरले होते.

मुहूर्त बारा सत्तावीसचा होता. सव्वाबाराला रणजित आणि शलाका समोरासमोर उभे होते आणि दोघांच्या मध्ये काहीच नव्हतं.

"मुलीनं खाली बघावं," गुरुजी माईकवर म्हणाले. "अंतरपाट वाटेत आहे."

पाहुणे हसले. शलाका काही खाली बघेना. चार वर्षं ती त्या माणसाकडे बघत होती. आता थांबण्यात अर्थ नव्हता. तिचे मामा अंतरपाट धरायला हात पुढे करून ताटकळले होते. मी दारात जीप ठेवली, अंतरपाट नीट बसवला, स्वस्तिक वर आणलं आणि हात वर केला. रणजितनं रिमोट दाबला.

जीप सुटली. खुर्च्यांच्या दोन रांगांमधून लाल गालिच्यावर ती ऐटीत निघाली. लोक उठून उभे राहिले, मोबाईल वर झाले, कुणीतरी शिट्टी वाजवली. सनईवाल्यानं तर अंदाज घेऊन चाल बदलली आणि बँडवाल्यांच्या वळणाचं काहीतरी सुरू केलं. अर्ध्या वाटेवर जीप हळू झाली. थोडी पुढं सरकली. मग थांबली आणि नुसती गुरगुरत राहिली. मग तेही बंद झालं.

सनई एकटीच थोडा वेळ वाजली आणि तीही थांबली.

रणजित रिमोट दाबत होता. पुढं, मागं, पुन्हा पुढं. जीपची चाकं नुसती थरथरायची. मी जवळ गेले, पण वाकले नाही. अट मलाही लागू होती.

प्रतापकाकांना अशा क्षणी उभं राहण्याची सवय होती. "झालं," ते म्हणाले. "रणजितराव, ओगलेवाडीला डबल ड्यूटी नसते, बरं का. आठ ते पाच."

"भावोजी, थांबा जरा," मावशी म्हणाली.

"मी कुठं काय म्हणतोय? उचला तो अंतरपाट नि लग्न लावा. पोरांचं लग्न अडायला नको. पैज तेवढी संपली."

शलाकानं आता खाली बघितलं. गुरुजींना बरं वाटलं असावं. रणजितनं मुंडावळ्या बाजूला सारल्या आणि स्टेजवरूनच मला विचारलं, "ताई, सेल कुठले हायत आत?"

"तुम्ही दिलेले."

"न्हवं. माझे असे बसत न्हाईत."

त्याच्या आवाजात राग नव्हता. दुकानदार गिऱ्हाइकाला विचारतो तसं विचारलं होतं त्यानं, पाण्यात पडली होती का गाडी. मी उत्तर देणार तोच मागून काकांचा आवाज आला.

"सेल मी बदललेत."

सगळं कार्यालय त्यांच्याकडे वळलं. डोक्याला फेटा, अंगात जोधपुरी कोट, आणि कोटाच्या खिशातून टेस्टरचं पिवळं टोक बाहेर. मुलीच्या लग्नातही टेस्टर बरोबर होता.

"सकाळी उघडून बघितलं," काका म्हणाले. "एक पॉइंट दोनचे घातले होते. चार म्हणजे चार पॉइंट आठ. म्हटलं, पोरगं हरेल तर हरेल, पण व्होल्टेज कमी पडून हरलं असं नको. आपण अन्याय करायचा नाही. घरून दीडचे आणले होते, नवे कोरे, वर्षभर फ्रीजमध्ये ठेवलेले. चार घातले. सहा व्होल्ट."

"बघा," प्रतापकाका पाहुण्यांना म्हणाले. "दादानं वाढवूनच दिलं. तरी बसली."

काका गालिच्यावर चालत आले आणि जीपजवळ उभे राहिले. तेवढ्यात रणजितनं पुन्हा रिमोट दाबला. अंतरपाटाखाली जीप कण्हल्यासारखी झाली. काकांनी मान तिरकी करून ऐकलं. ट्रान्सफॉर्मरखाली उभं राहून ते असंच ऐकत असतील. मग त्यांचा चेहरा पडला. मी आयुष्यात बऱ्याच लोकांना निकालाच्या दिवशी पडताना बघितलंय, पण एवढं नेमकं कुणी पडलं नव्हतं.

"सेल लोडवर बसतायत," ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "वनिता, बिनलोडचा व्होल्टेज काय, कुणीही दाखवतो. तारेवर कावळा बसला तरी दाखवेल. मी छत्तीस वर्षं लायनमनना हेच सांगत होतो."

"आता काय करायचं, काका?"

"काका," रणजितनं विचारलं, "माझे चार कुठायत?"

काकांनी कोटाच्या खिशात हात घालून एक पांढरा सेल बाहेर काढला. "हा एक. टीव्हीच्या रिमोटला ठेवला होता." मग ते स्टेजकडे बघत म्हणाले, "दोन गुरुजींच्या माईकमध्ये आहेत. मला वाटलं अर्धे संपलेत, बोलण्यापुरते होतील."

गुरुजींनी माईक छातीशी धरला.

"आणि चौथा?" मी विचारलं. विचारता विचारताच मला स्टूल आठवलं.

काकांनी वर बघितलं. त्यांच्यामागोमाग सगळ्यांनी बघितलं. भिंतीवरचं घड्याळ बारा बावीस दाखवत होतं. खाली बसलेल्या प्रत्येकाच्या मनगटावर नाहीतर खिशात घड्याळ होतं, पण लग्न लागतं ते कार्यालयाच्या घड्याळावर. ते मागं असलं तर पाहुणे आपलं घड्याळ मागं घेतात.

"दादा, भलतं करू नका," प्रतापकाका म्हणाले. आता ते हसत नव्हते. "मुहूर्ताचं घड्याळ आहे ते. पाच मिनिटांवर मुहूर्त. आणि गाडीला हात लावायचा नाही ठरलंय. तुमच्याच तोंडून ठरलंय."

"दारातून सुटल्यावर," काका म्हणाले. "मी त्याच्याही आधी लावला. पैजेत खोट माझ्या बाजूनं आहे, प्रताप. ती मी काढणार."

"अहो, पण हरताय तुम्ही. तुमचं तुम्हीच."

"लाइट गेल्यावर फ्यूज कुणाच्या घरचा उडाला हे बघत नाही आपण. जाऊन बसवतो." ते माझ्याकडे वळले. "स्टूल धर."

मी धरलं. फेट्यासकट काका वर चढले. घड्याळ उतरवताना त्यांचा हात किंचित थांबला. आयुष्यभर त्यांनी वेळेवर लाइट घालवली आणि वेळेवर आणली होती, निदान त्यांच्या मते. मग त्यांनी सेल काढला. सेकंदाचा काटा एकदा मागं-पुढं झाला आणि उभा राहिला. काकांनी घड्याळ तसंच परत खिळ्याला लावलं. बारा बावीस.

"गुरुजी, माईक."

"आणि मी मंगलाष्टका कशा म्हणू? चारशे माणूस आहे."

"ओरडा. आमच्या लग्नात कुठं माईक होता? हिला विचारा."

"आमच्या लग्नात मंगलाष्टका कुणाला ऐकूच आल्या नाहीत," मावशी म्हणाली. "मला तर शेवटपर्यंत वाटत होतं, लागलं की नाही."

गुरुजींनी माईक दिला. काका गालिच्यावर गुडघे टेकून बसले, जीप पालथी केली, टेस्टरनं झाकणाचा स्क्रू काढला. फ्रीजमधले चार सेल त्यांनी काढून बाजूला टाकले, ते घरंगळत खुर्च्यांखाली गेले. कुणी उचलले नाहीत. मग पांढरे चार बसवले आणि झाकण लावायला घेतलं.

"काका," स्टेजच्या कडेला येऊन त्यांच्या हातांकडे बघत रणजित म्हणाला. "मधला उलटा."

"कुठला?"

"डाव्या हाताचा. टोपी तिकडं."

वीज मंडळाच्या निवृत्त ज्युनिअर इंजिनिअरनं चारशे माणसांसमोर सेल काढून सुलटा घातला. कुणी हसलं नाही. शलाका हसली, पण तिला परवानगी होती.

अंतरपाट पुन्हा पाठीवर ठेवून काकांनी जीप सरळ केली आणि हातात घेतली. मला वाटलं, तिथूनच सोडतील. ते उठले, मागं चालत गेले, पार दारापर्यंत. "निम्म्यातून नको," म्हणाले. "परत सुरुवातीपासून." आणि दाराच्या उंबऱ्याशी ती खाली ठेवून त्यांनी हात वर केला.

या वेळी जीप जोरात सुटली नाही. पहिल्यापेक्षा सावकाशच होती. पण ती ज्या चालीनं दारातून निघाली त्याच चालीनं मधल्या जागेवरून गेली, आणि त्याच चालीनं पहिल्या रांगेपर्यंत पोचली. स्टेजला फळी लावली होती, तिच्यावरही चढली. सनईवाल्याला काय वाजवावं सुचलं नाही, म्हणून तो गप्प बसला. जीप शलाकाच्या पायाशी थांबली. मामांनी वाकून अंतरपाट उचलला, झटकला आणि दोघांच्या मध्ये धरला. तोवर दोघांनी एकमेकांना भरपूर बघून घेतलं होतं.

गुरुजी घसा फोडून मंगलाष्टका म्हणू लागले. तिसऱ्या रांगेच्या पुढं शब्द पोचत नव्हते, त्यामुळे मागच्यांनी पुढच्यांचे हात बघून अक्षता टाकल्या. काका स्टेजखाली उभे होते. मुलीच्या डोक्यावर टाकायच्या अक्षता त्यांच्या मुठीतच राहिल्या होत्या आणि ते जीपकडे बघत होते.

टाळ्या संपल्यावर प्रतापकाका माझ्याजवळ आले. त्यांचं मनगट घड्याळासकट मावशीच्या एका नणंदेनं धरून ठेवलं होतं, मुद्दाम की गर्दीत, ते कळायला मार्ग नव्हता.

"ए पेपरवाली," ते म्हणाले. "तू खोटं लिहीत नाहीस म्हणतात. मुहूर्त गाठला की टळला? किती वाजले, खरं सांग."

माझ्या मनगटावर घड्याळ होतं. ऑफिसच्या घड्याळाशी रोज मिळवलेलं, पाटणची गाडी त्याच्यावर सुटायची. मी मान वर करून भिंतीकडे बघितलं.

"बारा बावीस," मी सांगितलं. "पाच मिनिटं आहेत अजून."

याला बरीच वर्षं झाली. प्रतापकाकांची ती खुर्ची पुढं त्यांच्या मेव्हण्याला मिळाली. दुकान राजारामपुरीतच आहे, शेजारचा गाळाही घेतलाय. शलाका बँकेची नोकरी सोडून तिथं बसते. काका महिन्यातले आठ-दहा दिवस लेकीकडे असतात आणि दिवसभर दुकानात काउंटरच्या टोकाला बसतात. समोर एक लाकडी फळी, तिच्यावर छोटा बल्ब आणि मीटर. कुठलाही सेल आला की ते आधी बल्ब पेटवून त्याच्यावर ओझं टाकतात आणि मग मीटर बघतात. मोकळ्या सेलचा आकडा बघणं त्यांना पटत नाही.

गेल्या महिन्यात मी गेले होते. एक गृहस्थ नातवाची गाडी घेऊन आले.

"साधे सेल द्या हो चार. स्वस्तातले."

काकांनी मान हलवली. नाही.

"म्हणजे, नाहीत?"

काकांनी पुन्हा मान हलवली आणि पांढऱ्या सेलची चौकडी काउंटरवरून पुढं सरकवली. गृहस्थांनी ती उचलून चष्मा वर करून वाचली.

"अहो, ह्याच्यावर एक पॉइंट दोन लिहिलंय. दीडचे नाहीत का? काय फरक पडतो, सांगा की जरा."

काकांच्या कपाळाची शीर फुगली. सांगण्यासारखं त्यांच्याकडे छत्तीस वर्षांचं होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि रणजितकडे बोट केलं.

"त्यांना विचारू नका," रणजित आतून म्हणाला. "आमच्या धंद्याबद्दल ते बोलत नाहीत."